औषधशास्त्रातील तीन संशोधक : कार्य आणि संशोधनदृष्टी

प्रस्तावना

औषध शरीरावर कोणता परिणाम करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, याचा अभ्यास करणारी विद्याशाखा म्हणजे औषधशास्त्र होय. १९२६ साली मुंबईत परळ येथे सुरू झालेले केईएम रुग्णालय व त्याला संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय यांनी या शाखेला मोलाचे संशोधक दिले. त्यांपैकी तिघांच्या कार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील : सर्पगंधा

डॉ. वकील हे हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविले होते. परंतु त्याकडे जगाचे लक्ष गेले नव्हते. डॉ. वकिलांनी ५० रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या वनस्पतीतून रिसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, असेही आढळले.

डॉ. शरदिनी डहाणूकर : गुळवेल

डॉ. डहाणूकर या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. 'फुलवा', 'वृक्षगान' या पुस्तकांमुळे मराठी वाचकांनाही त्या परिचित आहेत. आयुर्वेदातील वनौषधींची आधुनिक कसोट्यांवर पारख हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. पित्तमार्गात अडथळा आल्याने कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावते व शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटास नेहमीचे उपचार व दुसऱ्यास त्यांच्या जोडीला गुळवेल देण्यात आली. पहिल्या गटात ५० टक्के रुग्णांमध्ये रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली. दुसऱ्या गटात ती एकाही रुग्णात दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ४० व ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असली तरी तुलनेसाठी दुसरा गट होता, हे येथे महत्त्वाचे.

डॉ. नीलिमा क्षीरसागर : जुन्या औषधाला नवे रूप

ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीजन्य रोगांवरील प्रभावी औषध. परंतु ते मूत्रपिंडास इजा करते. ते स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिल्यास ही इजा कमी होते. या रूपाच्या भारतातील विकासात व रुग्णांवरील चाचण्यांत डॉ. क्षीरसागर यांचा प्रमुख वाटा आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली, तेव्हा लायपोसोमल औषधाचे मोल सर्वांना कळले.

समारोप

तिघांचे विषय वेगळे असले तरी त्यांच्या कार्यातून पुढे येणारा प्रश्न एकच आहे : औषध कोणाला, किती मात्रेत आणि कोणता अपाय पत्करून गुण देते? हा प्रश्न कधीच कायमचा सुटत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर, वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली होती काय, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला.

हा आक्षेप आपल्यासारख्या अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा. डोणगावसारख्या गावातील विद्यार्थ्याला कडुनिंबावर चढलेली गुळवेल परिचयाची असते. 'अमुक वनस्पती अमुक रोगावर गुणकारी' असे वाक्य त्याच्या प्रकल्पात सहज येते. वनस्पतीची जात कोणी निश्चित केली, कोणता भाग व किती मात्रा वापरली, तुलना कशाशी केली, हे मार्गदर्शकाने विचारावयास हवे. मोठ्या प्रयोगशाळेवाचूनही हे प्रश्न विचारता येतात. आणि औषधशास्त्रीय संशोधनाचा आरंभ तेथेच होतो.