मानसशास्त्राची पीएच.डी. : प्रश्न आपला, अर्ज वेळेवर

धम्मपदाची सुरुवातच मनाच्या उल्लेखाने होते. ज्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी मनाच्या अभ्यासाला एवढे महत्त्व दिले, त्याच धम्माच्या अनुयायांची मुले मात्र मानसशास्त्र हा बी.ए.चा ‘सोपा विषय’ म्हणून घेतात आणि पदवी हाती पडताच सोडून देतात. मीही त्यांच्यापैकीच एक. बी.ए.ला माझा हा विषय होता, पुढे एम.ए. करण्याची इच्छाही होती. पण अर्जाची शेवटची तारीख मला ती उलटून गेल्यावर चार दिवसांनी कळली. पुढे बँकेत नोकरी लागली आणि विषय संपला. बुद्धीने कमी पडलो असतो तर एवढे वाईट वाटले नसते. मी तारखेने कमी पडलो.

मागील वर्षी समाजातील एक मुलगी शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्यासाठी आमच्या शाखेत आली. ती एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने विचारले, “काका, पीएच.डी.साठी कर्ज मिळते का?” मी म्हणालो, “बाई, कर्जाचे नंतर पाहू. आधी अर्जाचे पाहू.” त्यानंतर तिच्यासाठी जी माहिती गोळा केली, तीच विद्यार्थी मित्रांसाठी येथे देत आहे.

बाबासाहेबांनी दाखविलेली वाट

उच्च शिक्षणाचा अर्ज कसा करावा, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचे तेथील गुरू जॉन ड्यूई यांना आपण तत्त्वज्ञ म्हणून ओळखतो. परंतु ते मानसशास्त्रज्ञही होते आणि १८९९ साली अमेरिकन मानसशास्त्र परिषदेचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी बाबासाहेबांसाठी लंडनच्या प्राध्यापकांना शिफारसपत्र लिहिले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी.च्या प्रबंधात त्यांना दुरुस्ती करावी लागली; पदवी १९२३ साली मिळाली.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. आपले काम जाणणारा शिक्षक हवा, पैशाची तजवीज आधी हवी, आणि एकदा अडले म्हणून वाट सोडू नये. आजच्या अर्जातही याच तीन गोष्टी लागतात.

हा विषय नेमका कोणता ?

मानसशास्त्र म्हटले की वेड आणि वेड्यांचे डॉक्टर एवढेच आपल्याकडे समजतात. प्रत्यक्षात मुलांची वाढ, शिकणे, स्मरण, भाषा, पूर्वग्रह, कामाच्या ठिकाणचे वर्तन, मानसिक आजार असे अनेक भाग त्यात येतात. लक्ष कसे लागते, आठवण कशी राहते, निर्णय कसा घेतला जातो, याचा अभ्यास म्हणजे बोधनिक मानसशास्त्र. हीच कामे चालू असताना मेंदूत काय घडते, हे शोधणारे शास्त्र म्हणजे कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स. त्याला आपण बोधनिक चेताविज्ञान म्हणू.

त्याची दोन साधने माहीत असावीत. ई.ई.जी. यंत्रात डोक्यावर लहान विद्युतअग्रे लावून मेंदूतील विजेचे सूक्ष्म चढउतार नोंदवितात. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. दुसरे साधन एफ.एम.आर.आय. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते. हा फरक चुंबकीय यंत्राने टिपता येतो, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखविले. ई.ई.जी. वेळ अचूक सांगते, एफ.एम.आर.आय. जागा अधिक चांगली सांगते. ध्यान करणाऱ्या बौद्ध भिक्खूंच्या मेंदूच्या नोंदी अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत याच साधनांनी घेतल्या गेल्या. ध्यानाने अमुक फायदा होतो असे आपण श्रद्धेने म्हणतो. संशोधकाला मात्र ते तपासून पाहावे लागते. कालाम सुत्ताची शिकवणही तपासून स्वीकारण्याचीच आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. मानसशास्त्रात पीएच.डी. झाली म्हणून रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व परिषदेची नोंदणी लागते. संशोधन व अध्यापन करायचे की रुग्णसेवा, हे आधी ठरवावे.

प्रश्न आपल्या जिल्ह्यातच आहेत

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे संशोधनाचा आराखडा. आमची मुले तेथेच अडखळतात. “विषय सुचत नाही, सर देतील तो घेऊ,” असे म्हणतात. मी म्हणतो, बुलडाणा जिल्ह्यातल्या मुलाला विषय सुचू नये ?

सैलानी आपल्याच जिल्ह्यात आहे. मनाने आजारी असलेल्या माणसाला तेथे घेऊन येण्याची प्रथा जुनी आहे. सर्व धर्मांचे लोक येतात, आपलेही जातात. कोणाच्या श्रद्धेचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. पण कुटुंब आधी तेथे का जाते, डॉक्टरकडे किती काळाने जाते, ‘बाहेरचे झाले’ या शब्दांत ते नेमके कोणते दुःख सांगते, हे आदराने विचारून नोंदविणारा संशोधक हवा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

दुसरा प्रश्न शेतकरी आत्महत्यांचा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. कर्ज, नापिकी, भाव यांचा हिशेब पुष्कळांनी मांडला. त्याच गावात, तेवढेच कर्ज असलेला दुसरा शेतकरी कशाच्या आधाराने टिकतो, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. नैराश्य मोजण्याच्या बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीत तयार झाल्या आणि नंतर भाषांतरित झाल्या. आपल्याकडची बाई “मला नैराश्य आले आहे” असे म्हणत नाही. ती म्हणते, “जीव लागत नाही,” “जीव घाबरा होते.” मापच चुकीचे असेल तर मोजणी बरोबर कशी येईल ? आणि चौथा प्रश्न आपणा सर्वांचा : जातीवरून झालेला अपमान मुलाच्या लक्षावर, स्मरणावर, परीक्षेतील कामगिरीवर काय परिणाम करतो ? हे प्रश्न आपण जगलो आहोत. मात्र जगलो एवढ्याने संशोधन होत नाही. कोणाला विचारणार, किती जणांना, कोणत्या साधनाने, तुलना कोणाशी, हे लिहिता आले की आराखडा तयार झाला.

देशातील प्रवेश

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींसह राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल तर ७५ टक्के लागतात. तेथेही ती सवलत आहे. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून महिलांना दोन वर्षे जास्त मिळू शकतात.

जून २०२४ पासून नेट परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजे जे.आर.एफ.; दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्याला केवळ पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन गटांत प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि हे गुण एक वर्षच चालतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा विषयाचा २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जे.आर.एफ.ची वयोमर्यादा ३० वर्षे असून अनुसूचित जातींना व महिलांना पाच वर्षांची सवलत आहे.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेव्हा पहिली चौकशी तेथेच करावी. त्याशिवाय पुणे व मुंबई विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग आणि मुंबई आय.आय.टी.चा मानव्यविद्या विभाग आहेत. बोधनिक शास्त्रासाठी अलाहाबाद विद्यापीठातील केंद्र, हैदराबाद विद्यापीठ, कानपूर व गांधीनगर आय.आय.टी.; मेंदूविज्ञानासाठी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. गांधीनगरच्या बोधनिक शास्त्राच्या एम.एस्सी.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. कला शाखेच्या मुलांनी हे दार ओळखून ठेवावे.

अर्जापूर्वी मार्गदर्शक पाहावा. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणजे विषय जुळला तरी जागा हवी. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध फुकट वाचता येतात. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध तरी वाचावेत.

परदेशातील प्रवेश

अमेरिकेत पदवीनंतरही थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. चांगल्या विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यास बहुधा फी माफ होते आणि अध्यापन किंवा संशोधनात मदत करण्याबद्दल दरमहा वेतन मिळते. बहुतेक विभागांच्या तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. गुणपत्रके, तीन शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि टोफेल किंवा आय.ई.एल.टी.एस. लागते, जी.आर.ई. आता अनेक विभाग मागत नाहीत. एका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास असते. पुष्कळ ठिकाणी विनंती केल्यास ती माफ होते. मागायला लाजू नये. ब्रिटनमध्ये शिक्षण तीन-चार वर्षांचे असते आणि आराखडा आधीच द्यावा लागतो.

उद्देशपत्रात आमची मुले गरिबी लिहितात. गरिबी लिहावी, पण दोन ओळी. निवड करणाऱ्याला पाहायचे असते की या मुलाला कोणता प्रश्न पडला, त्याने आजवर काय केले आणि तो आमच्याकडेच का येतो. आणि शिफारसपत्र आपल्याला ओळखणाऱ्या शिक्षकाचे घ्यावे. “विद्यार्थी सालस आहे” एवढे लिहिणाऱ्या प्राचार्यांपेक्षा आपला प्रकल्प वाचलेल्या अधिव्याख्यात्याचे पत्र अधिक वजनदार ठरते.

पैसा आणि कागद

पैशाबाबत बँकेतला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो : पीएच.डी.साठी शक्यतो कर्ज काढू नये, अधिछात्रवृत्ती मिळवावी. जे.आर.एफ.ची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये झाली. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातील ७५ विद्यार्थ्यांना मिळते. उत्पन्न, वय व विद्यापीठाचा जागतिक क्रमांक यांच्या अटी बदलत असतात. गेल्या वर्षीची जाहिरात वाचून यंदाचा अर्ज भरू नये. अधिछात्रवृत्तीची रक्कम कधी कधी उशिरा येते, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. पण राज्याचा दाखला आणि केंद्रासाठीचा दाखला यांचा नमुना वेगळा असतो. राज्याचा दाखला हाती धरून मुलगा केंद्रीय संस्थेत जातो आणि तेथे अडतो. हा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, सर्व गुणपत्रके आणि प्रत्येक कागदावर नावाचे एकच स्पेलिंग, एवढे एम.ए.च्या पहिल्या वर्षातच करून ठेवावे. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी यावर विशेष लक्ष द्यावे.

दोन वर्षांचे वेळापत्रक

एम.ए.च्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्र मनावर घ्यावे. कला शाखेची मुले त्याला भितात, पण त्याविना या विषयात पाऊल पडत नाही. ‘आर’ नावाचे संगणकीय साधन फुकट मिळते, ते शिकावे. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात माहिती गोळा करण्याचे काम मागावे. दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध स्वतः लिहावा आणि नेट द्यावी. परदेशासाठी जुलैत विद्यापीठांची यादी करावी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांना थोडक्यात पत्रे लिहावीत, ऑक्टोबरात शिफारसपत्रे मागावीत, नोव्हेंबरअखेर अर्ज पाठवावा. प्रबंध लिहून देणारी दुकाने शहरोशहरी आहेत. त्यांची पायरी चढू नये. विकत घेतलेली पदवी हा बाबासाहेबांच्या कष्टांचा अपमान आहे.

आपल्या मंडळाला एक विनंती आहे. विहाराच्या फलकावर वर्षावासाच्या कार्यक्रमाशेजारी नेट, बार्टी व परदेश शिष्यवृत्तीच्या तारखा लिहिल्या जाव्यात. तो फलक दर महिन्याला पुसून नव्याने लिहिण्याचे काम मी स्वतः करीन. त्या मुलीने नेटचा अर्ज भरला आहे. शेवटच्या तारखेच्या बारा दिवस आधी. निकाल काय लागेल तो लागो. ती तारखेने मागे राहिली नाही, एवढे समाधान आज पुरेसे आहे.

जय भीम.