वाड्याचे सागवान आणि सहा कोंबड्या

आमचा जुन्या शहरातील वडिलोपार्जित वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवावा लागला. भिंतींना फुगवटा आला होता, कडीपाट खचला होता. खांब आणि नक्षीची चौकट भाऊबंदांनी आपसात वाटून घेतली. कोणालाच नको असलेला माल माझ्या वाट्याला आला : कडीपाटाच्या सागवानी फळ्या, खिडक्यांच्या मोडक्या झडपा, थोडी कौले आणि दिंडी दरवाजाची लोखंडी कडी. ती हातगाडी लालबागेतील घरापुढे थांबली तेव्हा शेजारच्या स्नेह्यांनी विचारले, "डॉक्टर, दवाखाना बंद करून फर्निचरचे दुकान काढता की काय?" मी म्हणालो, "नाही, कोंबड्यांसाठी खुराडे करणार आहे." त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे.

पन्नाशी उलटलेल्या बालरोगतज्ज्ञाला हे काय सुचले, असा प्रश्न वाचकांनाही पडेल. त्याचे मूळ २००६ सालात आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक झाला. पुढे जळगाव जिल्ह्यातील गावांत आणि आपल्या इच्छापुरातही तो आढळला. नवापूरच्या कोंबड्या मोठ्या पोल्ट्रीतल्या होत्या; आपल्याकडच्या होत्या परसातल्या, पाच-दहाच्या संख्येने घराघरांत वावरणाऱ्या. त्या नष्ट करणे आवश्यकच होते. सुदैवाने त्या वेळी माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. परंतु त्याच सुमारास एक माता आपले दीड वर्षाचे अशक्त बाळ घेऊन माझ्याकडे आली. महिनाभरापूर्वी मीच तिला 'रोज एक अंडे' असे चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती चिठ्ठी पुढे करून ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, कोंबड्या तर गेल्या. आता अंडं कुठून आणू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरा धडा पुढे अनेक वर्षांनी मिळाला. एका खेड्यातील शिबिरानंतर वारंवार जुलाब होणाऱ्या एका मुलाच्या घरी मी गेलो. घर एका खोलीचे, सारवलेले, स्वच्छ. मात्र संध्याकाळ होताच सात-आठ कोंबड्या आत आल्या आणि बाळाच्या बाजेखाली जाऊन बसल्या. बाहेर ठेवाव्यात तर मांजर, मुंगूस आणि चोर यांचे भय. सकाळी बाळ त्याच जमिनीवर रांगत होते आणि बोटे तोंडात घालत होते. मी आयुष्यभर आयांना पाणी उकळायला सांगत आलो. कोंबड्या रात्री कुठे निजतात, हे एकदाही विचारले नव्हते.

याविषयी वाचू लागलो तेव्हा हेडी आणि हिर्व्होनेन या संशोधकांचा २०१६ मधील अभ्यास हाती आला. ग्रामीण इथिओपियात ज्या घरी कोंबड्या होत्या तेथील मुलांची उंची तुलनेने बरी आढळली. परंतु त्या रात्री घरातच कोंडल्या जात असतील तर उंचीशी त्याचा संबंध उलटा दिसला. विष्ठेतील कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू आणि त्यांमुळे आतड्याला सतत येणारी सूज हे त्याचे संभाव्य कारण. अंड्याचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे, असेही म्हणता येत नाही. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले असता खुंटलेल्या वाढीचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले (२०१७). मलावीत तसाच प्रयोग केला असता उंचीत फरक पडला नाही (२०१९). तेथील बाळांच्या आहारात मासळी आधीच होती. तात्पर्य, ज्या घरी दुसरे प्राणिज प्रथिन पोहोचत नाही तेथे अंडे हवे आणि कोंबडी रात्री घराबाहेर हवी. दोन्ही साधायचे तर खुराडे हवे, आणि तेही फुकटच्या लाकडात होणारे.

म्हणून आधी स्वतः करून पाहायचे ठरवले. एका वयस्क सुतारमिस्त्रींना हाताशी धरले. जमिनीपासून दोन फूट उंच असा सांगाडा उभा केला. तळाला पट्ट्या अंतर ठेवून ठोकल्या, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि राखेसह बागेत जाते. बसायच्या दांडीच्या कडा रंध्याने गोल केल्या. अंड्यांची फूटभर लांबीरुंदीची खोकी दांडीपेक्षा खाली ठेवली, कारण कोंबडी नेहमी उंच जागा पाहून निजते. खोके उंच असेल तर त्यातच घाण करते. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांकडे जाणारा आणि कोंबडीला घाम येत नाही. म्हणून लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून वर कौले घातली व छपराखाली हवेसाठी झरोका सोडला. आतून चुन्याचे दोन हात दिले.

हिरव्या रंगाच्या झडपा मात्र मी वापरू दिल्या नाहीत. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यापूर्वीच्या रंगांचा भरवसा नाही. कोंबडी पोपडे टिपते आणि शिसे अंड्यात उतरते. मिस्त्री त्या कोरड्या घासून काढायला निघाले होते, पण ती धूळ त्यांच्याच छातीत गेली असती. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी देऊ केले तेही नाकारले. त्यांत क्रिओसोट मुरलेले असते.

इतकी सावधगिरी बाळगूनही एक चूक झालीच. पैसे वाचवण्यासाठी मी मोठ्या भोकांची पातळ जाळी लावली. पंधराव्या दिवशी मुंगसाने ती फाडून दोन कोंबड्या मारल्या. मग अर्ध्या इंची वेल्डमेश आणली. खर्च करायचाच असेल तर तो जाळीवर करावा, हे शहाणपण दोन जीव गमावून आले.

आमच्या घरात अंडे कधी शिजले नव्हते. आई म्हणाली, "पूर्वजांच्या वाड्याचं लाकूड, आणि त्यात हे?" कोंबडा ठेवलेला नाही, तेव्हा अंड्यातून पिल्लू निघणार नाही, असे मी समजावले. ती म्हणाली, "ते तू तुझ्या पुस्तकाला सांग." अंडी स्वयंपाकघरात येणार नाहीत, या अटीवर तह झाला. ती दवाखान्यातून गरजू बाळांच्या घरी जातात. मात्र दिंडी दरवाजाची कडी खुराड्याला लावली तेव्हापासून तिन्हीसांजेला ती लागली की नाही, हे आईच पाहून येते.

गेल्या हिवाळ्यात एका मातेने मोबाइलवर छायाचित्र दाखवले. मोडकी बाज आणि जुन्या दाराच्या फळ्या यांतून तिच्या नवऱ्याने खुराडे केले होते. तिच्या मुलाचे जुलाब कमी झाले आहेत. ते खुराड्यामुळेच झाले, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

आपल्या मंडळातील सहकाऱ्यांना एवढीच विनंती की, अशक्त मुलाची हकिगत विचारताना पाणी आणि शौचालय यांच्या जोडीला एक प्रश्न विचारावा : "तुमच्या कोंबड्या रात्री कुठे असतात?" आणि ज्यांचे जुने वाडे उतरवले जात आहेत त्यांनी लाकूड सरपणात घालण्यापूर्वी मला एक फोन करावा. मिस्त्री अजून तयार आहेत.