खुब्यावर नोंदींची नजर

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा खुबा हळूहळू, बरेचदा दुखायला लागण्याआधीच सरकू शकतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली ‘सीपीयूपी’ ही नोंदपद्धत सुरू झाली, ती मुख्यतः हे वेळीच ओळखण्यासाठीच. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक सांधा किती वळतो ते ठरावीक काळाने मोजतात, आजाराच्या तीव्रतेनुसार एक्स-रे काढले जातात आणि संगणकाच्या अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग उमटतात. मूल गाव बदलो की डॉक्टर, नोंदींचा धागा तुटत नाही. खरी करामत संगणकाची नाहीच, सगळ्यांनी एकाच मापाने मोजण्याची आहे. लाल दिसल्यावर वेळेत शस्त्रक्रिया करणारा सर्जनही हवाच म्हणा! पूर्वी तिथे शंभरातल्या आठ-दहा मुलांचा खुबा निखळे. आता हे प्रमाण एकाहूनही खाली आलं आहे. नॉर्वे, डेन्मार्क, स्कॉटलंडनेही हीच पद्धत उचलली.