किमान वेतन : किती माणसांचा हिशेब?

किमान वेतन वाढवावे म्हटले, की मालकांना धंदा बुडण्याची भीती वाटते; मजूर महागाईकडे बोट दाखवितात. परंतु हे वेतन किती पोटांसाठी मोजावयाचे, हा प्रश्न मागेच राहतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाचे तीन घटक धरले. त्यांची फोड अशी : पुरुष १, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. राबणाऱ्या बाईची भूक कमी कशी, हे गणित करणारेच जाणोत! मुलांचे शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी २५ टक्के भर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घातली. म्हाताऱ्या आईबापांचे पान मात्र या पंगतीत मांडलेलेच नव्हते. पगाराच्या दिवशी त्यांच्याही औषधाची चिठ्ठी पुढे येतेच.