कोळ्याची गोष्ट आणि आसोची युक्ती

आज ऐकू या एका कोळ्याची गोष्ट. मासे धरणारा नव्हे, जाळं विणणारा कोळी.

पश्चिम आफ्रिकेत घाना देश आहे. तिथल्या अकान लोकांच्या गोष्टींत अनान्सी नावाचा कोळी असतो. अंगानं एवढासा, पण भारी चलाख. पूर्वी म्हणे जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. अनान्सी त्या विकत मागायला गेला. देवानं किंमत सांगितली: अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि कुणाला न दिसणारी परी धरून आण.

अनान्सीनं घरी येऊन बायकोला, म्हणजे आसोला विचारलं. तिनं युक्ती सांगितली. काठी लांब की अजगर, असा वाद दोघांनी अजगराला ऐकू जाईल असा घातला. माप द्यायला अजगर काठीशेजारी सरळ झाला आणि बांधला गेला. परीला पकडायला चिकट बाहुली केली. गोष्टी मिळाल्या, नाव मात्र अनान्सीचं झालं!

पुढे या भागातल्या माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबलं आणि जमैकासारख्या बेटांवर, अमेरिकेत विकलं. घर, शेत, माणसं मागे राहिली. सोबत गेल्या त्या तोंडी गोष्टी. आया-आज्या त्या सांगत राहिल्या, म्हणून अनान्सी जगला.

आज याच गोष्टींवर मुलांसाठी कादंबऱ्या निघतात. क्वामे म्बालिया या अमेरिकन लेखकाची ‘ट्रिस्टन स्ट्राँग’ २०१९ साली आली. सातवीतला ट्रिस्टन शिकागोचा. त्याचा जिवलग मित्र बस अपघातात गेलेला. मित्राची गोष्टींची वही एक चिकट बाहुली पळवते. ओळखलीत ना बाहुली? तिच्यामागे धावता धावता ट्रिस्टन गोष्टींच्या जगात जाऊन पडतो. तिथं त्याला कळतं, की गोष्ट सांगणं हीच आपली ताकद आहे.

दुःखातल्या मुलाला आपण ‘रडू नको’ म्हणतो. हे पुस्तक म्हणतं, त्याला गोष्ट सांगा आणि त्याची गोष्ट ऐका.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातली एखादी गोष्ट फक्त एकाच आजीला येत असेल. ती गेली की गोष्टही गेली. पुढच्या बैठकीत तिला बोलवा, मुलांना समोर बसवा आणि गोष्ट वहीत उतरवून घ्या. खाली तिचं नावही लिहा. आसोचं राहिलं, तसं तिचं राहू नये.