काजव्यांचा निवाडा कुणी करायचा?

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, भंडारदऱ्याला अडते आणि संगमनेर, श्रीरामपूर करत आमच्या नेवाशाला येते. १९२६ साली तिथलं विल्सन धरण पुरं झालं. जमिनी बुडाल्या त्या वरच्या डांगाणातल्या, म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या, आणि ऊस उभा राहिला तो खालच्या मुलखात. गेल्या दीड-दोन दशकांतल्या काजवा पर्यटनाकडे मी बघतो ते हा जुना हिशेब मनात ठेवूनच.

धरणाभोवतीच्या घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांना मे संपता संपता झाडं काजव्यांनी लखलखतात याचं कधी अप्रूप नव्हतं. मग वर्तमानपत्रांत फोटो आले, मोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि पावसाच्या तोंडावरच्या शनिवार-रविवारी पुणे, मुंबई, नाशिकच्या गाड्यांनी भंडारदऱ्याजवळच्या शेंडीचा रस्ता तुंबू लागला. ‘काजवा महोत्सव’ हे नाव रुळलं. हा सारा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. म्हणजे जिप्सी आणि वाघ नसले तरी ही सफारीच.

हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर नर लुकलुकत फिरतात आणि मादी बहुधा खाली पानावर किंवा गवतात बसून उजेडानेच उत्तर देते. पुढची पिढी या उजेडाच्या बोलीवर ठरते. वळणावरून एखादी गाडी येते, हेडलाइटचा झोत पडतो आणि एका लयीत पेटणारं-विझणारं झाड क्षणात सुनं होतं. मग बॅटरी लावून माणसं बुंध्यापर्यंत जातात. पाय पडतात ते नेमके त्या गवतात. कुणी चार काजवे बाटलीत भरून पोराच्या हातात देतं. ओल्या मातीत गोगलगायी खाऊन महिनोन्‌महिने वाढलेल्या अळीचा काजवा होतो, तो जेमतेम काही दिवस जगतो, आणि ते दिवस असे जातात.

हे बघून शहरातल्या निसर्गप्रेमींनी पर्यटन बंद करा म्हटलं. त्यांची कळकळ खरी आहे. वनखात्याने वेळेची बंधनं घातली, प्रवेशशुल्क लावलं. पण इथलं शेत म्हणजे पावसावरचा भात. तो निघाला की कामासाठी नारायणगाव, नाशिकची वाट धरावी लागते. अशा घराला जूनच्या आधी तंबू, पार्किंग आणि पिठलं-भाकरीतून चार पैसे मिळतात. ते बंद करा म्हणणाऱ्याने त्या घराला विचारलं का? उलट, झाडाखालीच तंबू ठोकून लाउडस्पीकर लावणाऱ्याला, मग तो गावचा असो की बाहेरचा, पोटाची सबब पुढे करता येणार नाही.

वाघांच्या बाबतीतही स्थानिकांना न विचारताच निर्णय झाले. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये नियमांसह पुन्हा खुलं केलं. दोन्ही बाजूंनी दिल्लीत वकील उभे होते. जंगलाच्या कडेच्या ग्रामसभांचा आवाज त्यात फारसा उमटला नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडल्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, हे योग्यच झालं. पण पहिली कारवाई झाली ती गाईड आणि चालकांवर. ‘अजून जवळ घ्या’ हा आग्रह गाडीच्या मागच्या सीटवरून होत असतो, हे सफारी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

नेवाशात आमच्याही उसात बिबट्या असतो. पहाटे पाण्याच्या पाळीला जाणाऱ्या माणसाने त्याच्याशी कसं वागावं, हे मुंबईहून कुणी सांगितलं तर आम्हाला राग येतो. मग डांगाणाबद्दल आम्ही परस्पर निकाल कसा द्यावा?

अकोले तालुक्याचा हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. येत्या हंगामात किती गाड्या सोडायच्या, त्या गावाबाहेर कुठे थांबवायच्या, कोणती झाडं माणसांपासून पूर्ण मोकळी ठेवायची, हे त्या ग्रामसभांनी दर एप्रिलमध्ये कीटक अभ्यासकांना शेजारी बसवून ठरवावं. शुल्कही त्यांनीच ठरवावं आणि त्याचा हिशेब चावडीवर लावावा. एखाद्या वर्षी त्यांनी ‘येऊ नका’ म्हटलं, तर नेवाशाहून निघालेल्या गाडीने वाटेतल्या राजूरवरूनच मागे फिरावं.