राणीच्या बागेत, झाडांच्या वाटेने

एप्रिल सरत आला आहे. परीक्षा संपल्या आहेत. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून निघालेली गर्दी एकाच दिशेने चालली आहे. बाबांच्या खांद्यावर बसलेली पोरं, पाण्याच्या बाटल्या, डब्यांच्या पिशव्या, ओढणीने डोकं झाकलेल्या आज्या. राणीच्या बागेच्या दाराशी रांग लागली आहे आणि ऊन आत्तापासूनच मानेवर बसतंय. पाटीवर बागेचं आजचं नाव आहे, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. रांगेतला प्रत्येक जण मात्र अजून राणीचीच बाग म्हणतोय.

तिकीट मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५. आईबाप आणि दोन मुलं असतील तर सगळ्यांचं मिळून १००. समोरच्या मुलाचा एकच धोशा चाललाय, ‘आधी पेंग्विन!’ त्याची आई घामाघूम झाली आहे. ती नुसती मान हलवते.

आत शिरताच हवा बदलते. रस्त्यावरचे हॉर्न मागे पडतात. डोक्यावर सावली येते आणि आपली पावलं आपोआप हळू होतात. गर्दी पेंग्विन आणि वाघांच्या दिशेने वळते. मी एका झाडाखाली थांबलेल्या वीस-पंचवीस जणांच्या घोळक्याकडे जातो. ही झाडं बघायला आलेली माणसं आहेत. दोन शिक्षिका, एक निवृत्त आजोबा, बाकी बरीचशी शाळकरी मुलं. पुढे उभ्या असलेल्या ताईंच्या गळ्यात दुर्बीण आहे, हातात वही.

‘खाली बघा आधी,’ ताई म्हणतात. ‘वर नंतर.’

खाली गुलाबी-केशरी फुलांचा सडा पडला आहे. जाड, मांसल पाकळ्या. वास इतका दाट की चार पावलं अलीकडेच कळतो. हा कैलासपती. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत. थेट बुंध्यातून निघालेल्या वेड्यावाकड्या डहाळ्यांवर ती लगडली आहेत. त्यांच्याच मध्ये तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं लोंबतायत. मूळचं हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. पण फुलात मधोमध पिंडी आणि तिच्यावर फणा, म्हणून आपल्याकडे ते शंकराचं झालं. एक मुलगी पडलेलं फूल उचलून फणा अलगद वर करते. फण्यातले पराग मधमाश्यांना खायला असतात, ताई सांगतात. बी धरायला उपयोगी पडतात ते पिंडीभोवतीच्या कड्यातले. या फुलात मध नाहीच, परागांच्याच ओढीने माश्या येतात. मुलगी वर बघते. एक काळा भुंगा नेमका त्या फटीत शिरतोय. तिच्या तोंडून नुसता ‘आई गं!’ एवढाच उद्गार निघतो.

वाट वळते. सीताअशोकाचा बहर उतरणीला लागलाय, तरी काही गुच्छ शिल्लक आहेत. ताजी फुलं पिवळी-नारिंगी, जुनी होत आलेली लाल. दोन्ही रंग एकाच झुबक्यात. टोकाची कोवळी पानं तांबूस आणि लुळी आहेत, वारा नसतानाही खाली लोंबणारी. ‘सुकली का ही?’ आजोबा काळजीने विचारतात. सुकलेली नाहीत, ती जन्मतःच अशी असतात. हळूहळू हिरवी होतील, ताठ होतील.

मग गोरखचिंच. तिच्यासमोर घोळका आपोआप गप्प होतो. राखी, सुरकुतलेला, अवाढव्य बुंधा. मुलं हातात हात धरून तिला कवेत घ्यायला बघतात. आणखी हात लागतात, आणखी लागतात. हे झाड आफ्रिकेतलं, समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आलेलं. एवढ्या बुंध्यात ते पाणी साठवतं. फुलं रात्री उमलतात, त्यांच्यावर वटवाघळं येतात. याची सुकी फळं कोळी लोक जाळं तरंगतं ठेवायला बांधायचे. बुंध्यावर कुणीतरी टोकदार वस्तूने दोन नावं कोरली आहेत. जखम जुनी आहे, कडा फुगून आल्या आहेत. ताई तिच्यावर तळवा ठेवतात आणि पुढे चालू लागतात. माझा पाय काही लगेच निघत नाही.

चालता चालता बागेचा इतिहास निघतो. ही बाग १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसाठी उघडली. तेव्हा ती झाडांचीच बाग होती. प्राण्यांसाठी जागा वाढवली ती १८९० मध्ये. पेंग्विन तर २०१६ मध्ये आले. आज पन्नासएक एकरांत ३००० हून जास्त झाडं आहेत. भायखळा, माझगाव, लालबागच्या एवढ्या दाटीत हे उरलं, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

अकरा वाजून गेले आहेत. डांबरी वाटेवरून झळा निघतायत. पाण्याच्या नळाशी दुसरी रांग आहे. लांबून पेंग्विनकडची रांग दिसते, वळसे घेत गेलेली, पुठ्ठ्यांनी वारा घेणारी. सावलीच्या बाकांवर माणसं पेंगताहेत. कुठेतरी तांबट एकसुरी टुक्‌टुक्‌ करतोय.

एक माळीकाका पाइप घेऊन झाडाला पाणी घालतायत. पण धार बुंध्यापासून बरीच लांब आहे.

‘काका, झाडाला पडत नाहीये पाणी!’ एक मुलगा ओरडतो.

‘पडतंय बाळा,’ काका म्हणतात. ‘पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. जिथवर फांद्यांची सावली, तिथवर ती पसरलेली.’ ते पाइप खाली ठेवतात आणि पाचोळ्याचा थर हाताने बाजूला करतात. वरचं पान कोरडं, कुरकुरीत. त्याखालचं ओलं, अर्धवट कुजलेलं. त्याच्याखाली काळी, भुसभुशीत माती. मुलं उकिडवी बसतात. एक जण बोट खुपसतो. ‘गार आहे!’ मग सगळ्यांनाच बोट खुपसायचं असतं. बाहेर रस्ता भाजतोय आणि या चार बोटं पाचोळ्याखाली ओल टिकून आहे. काका पाचोळा पुन्हा नीट पसरतात. ते तो झाडून टाकत नाहीत, जाळत तर नाहीतच. मला या सकाळचं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच वाटतं.

आपल्या रस्त्यांवरच्या झाडांना हे मिळत नाही. तिथे पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकलेले असतात. पाणी आत मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात झाड आडवं झालं की आपण झाडालाच म्हातारं ठरवतो.

तुम्ही बागेत याल तेव्हा प्राणी जरूर बघा, पण एक तास झाडांसाठी राखून ठेवा. सकाळी लवकर या. बुधवारी बाग बंद असते. आणि घरी गेल्यावर आपल्या इमारतीच्या आवारात एक चक्कर मारा. एखाद्या झाडाच्या गळ्याशी सिमेंट आलं असेल, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय काढा आणि पावसाळ्याआधी ते निदान हातभर तरी फोडून घ्या.